चकतीवरचा काळोख

त्या प्रांतात सगळेच सपाट होते, आणि सपाट असणे तिथे कमीपणाचे समजत.

उजेड वरून येतो, असे तिथे मानत. दिवा कुणी पाहिला नव्हता. तरी ज्याचा माथा उजळ आणि बूड काळसर, तो फुगीर ठरे, आणि फुगिराला प्रांताच्या मध्यभागी जागा मिळे. बाकीचे कडेला राहत.

चकती कडेला राहत होती. शेजारी तिची धाकटी बहीण कोर होती. कोर अर्धीच असल्यामुळे तिला घरंगळता येत नसे. चकती दिवसभर हिंडे आणि परत येऊन तिला सगळे सांगे.

"आज कोण भेटलं, ताई?"

"त्रिकोण. टोक झिजलंय, पण टोचायची हौस तीच. मला म्हणतो, काय गं पापडा, कुणाच्या ताटात निघालीस?"

कोर हसता हसता डोलू लागे. एकदा डोलू लागली की तिला लवकर थांबता येत नसे.

एके दिवशी कुंचला तिथे आला. छटा देणे हे त्याचे काम होते आणि मध्यभागी त्याचा शब्द चाले. त्याने चकतीला सगळीकडून निरखले.

"अशा गोल अंगाला छटा मानवते. चेंडू होशील, चेंडू."

चकती पापड हा शब्द ऐकून थकली होती. तिने कोरकडे पाहिले.

"जा ना, ताई," कोर म्हणाली. "येऊन मला तिथलं सांग म्हणजे झालं."

कुंचल्याने आधी मुखवटा आणला. तो सगळा काळा होता, फक्त मधोमध चकतीच्या मापाची पांढरी जागा होती. काळ्यावर पडलेला रंग दिसत नसे, पांढऱ्यावरचा तेवढा दिसे. कुंचल्याने तो तिच्यावर बसवला आणि वरून खाली एकच लांब हात फिरवला. माथ्याशी रंग नव्हताच. पोटाशी तो धुरकट झाला आणि बुडाशी पार काळा. मुखवट्यामुळे काळोखाचा एक थेंबही तिच्याबाहेर गेला नाही. मग त्याने मुखवटा एका बारीक साखळीने तिला जोडून टाकला.

"हा काढायचा कधी?" चकतीने विचारले.

"काढायचा कशाला? कुणाला दिसतोय?"

मध्यभागी तिचा थाट झाला. चौकोन कोपरे आवरून वाट देऊ लागले. त्रिकोण तिला बाईसाहेब म्हणू लागला. सगळे तिच्या गोलाईचे कौतुक करत, आणि काही दिवस तिलाही ते खरे वाटले.

"एकच लक्षात ठेवा," कुंचला तिला अदबीने म्हणाला. "हलायचं नाही."

"मी चेंडू ना? मग घरंगळायचं नाही?"

"चेंडू आहात म्हणूनच."

एकदा ती जराशी कलली. काळोख तिच्या कुशीवर चढला. लगेच शेजारचा चौकोन ओरडला, "अरे, बाईसाहेबांना घेरी आली!" कुंचला धावत आला आणि त्याने तिला होती तशी उभी केली. तेव्हापासून ती जागची हलली नाही. समोरचा एकच तुकडा तिला दिसे, आणि त्यात कोरचे घर नव्हते.

पुढे कडेकडून निरोप आला की कोर आता डोलत नाही, कुणाशी बोलत नाही, वाटेकडे तोंड करून बसलेली असते.

चकतीने कुंचल्याला बोलावले. "हा मुखवटा उतरवा. मला घरी जायचंय."

"उतरवला तर काय उरेल, आठवतंय ना?"

"आठवतंय. म्हणून तर म्हणते."

कुंचला हसला आणि दुसऱ्या कामाला निघून गेला.

तेव्हा चकती आहे तशीच घरंगळली. साखळीने जोडलेला मुखवटा तिच्याबरोबर फिरला आणि काळोखही फिरला. बुडाचा काळोख माथ्यावर आला आणि उजेड वरून येतो असे मानणाऱ्यांना ती खोल दिसू लागली, तसा रस्त्यात कल्लोळ उठला.

"खड्डा! पळा, खड्डा चालत येतोय!"

"अहो, मी आहे! चकती!"

"ऐका, ऐका! बाईसाहेब आत पडल्यात!"

ती आणखी अर्धी फिरली. काळोख खाली गेला आणि तेच लोक वाकून नमस्कार करू लागले. पुन्हा अर्धी फिरली, पुन्हा पळापळ. त्रिकोणाने तर एकाच वळणावर दोनदा वाकून दोनदा धूम ठोकली. चकती थांबली नाही. बहिणीच्या दारापुढे प्रांताची कड आली आणि तिथे तिला थांबावे लागले. त्या क्षणी काळोख तिच्या माथ्यावर होता.

परत अर्धी फिरावी, म्हणजे निदान चेंडू तरी दिसेन, असे तिच्या मनात आले. पण मागून चौकोन पोचले होते. कुणी पडू नये म्हणून त्यांनी तिच्या भोवती दाटून खुंट्या ठोकल्या. ते भल्यासाठीच आले होते आणि काम झाल्यावर निघून गेले. आता तिला या अंगाला फिरता येईना की त्या अंगाला.

"ताई?" दारातून कोरचा आवाज आला. "तूच बोलत होतीस ना?"

"मीच गं. ही काय तुझ्यासमोर."

"दिसत नाहीस. फार खोल गेलीयस."

"खोल नाही गं. पहिल्यासारखीच आहे, सपाट. हात लावून बघ."

कोरने पाहिले. वरचा काळोख, खालचा उजेड, मधली ती उतरण. ती मागे सरकली.

"वाकले तर मीही पडेन. मग तुला काढणार कोण?"

त्या प्रांतात प्रत्येक आकाराला दोऱ्यासारखा एक काठ असे. आपण कुठे संपतो आणि बाहेरचे पांढरे कुठे सुरू होते, ते त्या काठानेच कळे. कोरने आपल्या काठाचे टोक शोधले, ते उसवले, आणि दोरा हळूहळू आत सोडला.

दोरा लगेच चकतीच्या तोंडावर टेकला. त्यावर दुसरा वेढा पडला, मग तिसरा.

"पोचला का, ताई?"

"पोचला. केव्हाच पोचला."

"धीर धर," कोर म्हणाली. तिची एक बाजू भोवतीच्या पांढऱ्यात विरत चालली होती. "अजून सोडते."