सुपडूचं टिकाऊ घड्याळ

बोरमाळ नावाच्या गावात सुपडू नावाचा एक भोळा गडी राहायचा. ग्रामपंचायतीच्या टाकीतून गावाला पाणी सोडायचं काम त्याच्याकडे होतं. काम सोपं होतं. सकाळी व्हॉल्व्ह उघडायचा, दोन तासांनी बंद करायचा. बाकी दिवसभर टाकीखाली सावलीत बसायचं.

सरपंच भिकनअण्णांनी त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "सूर्य पिंपळाच्या शेंड्यावर आला की पाणी सोडायचं."

सुपडू रोज पिंपळाकडे बघायचा आणि पाणी सोडायचा. एकदा तीन दिवस आभाळ दाटून आलं. सूर्य शेंड्यावर आलाच नाही. सुपडू तीन दिवस व्हॉल्व्हला हात लावून उभा होता. चौथ्या दिवशी बाया रिकामे हंडे घेऊन अण्णांच्या दारात गेल्या.

अण्णा टाकीवर आले. म्हणाले, "सुपडू, मनगटावर घड्याळ बांध. सहाला पाणी सोड, आठला बंद कर. सोमवारपर्यंत घड्याळ दिसलं नाही, तर दुसरा माणूस बघतो."

घरी येऊन सुपडूनं बायकोला, देवकाला, सगळं सांगितलं. देवकानं शेवया विकून पाचशे रुपये गाठीला बांधले होते. ते तिनं त्याच्या हातावर ठेवले.

"नीट ऐका," ती म्हणाली. "एकच घड्याळ घ्यायचंय, जन्मभर पुरलं पाहिजे. पाण्यात चालावं, चिखलात चालावं, लग्नातसुद्धा चालावं. स्वस्त हवं, पण टिकाऊ हवं."

"पाण्यात चालावं, चिखलात चालावं, लग्नात चालावं," असं घोकत सुपडू एसटीनं तालुक्याला गेला.

तालुक्याला युसुफभाईंचं घड्याळांचं दुकान होतं. माणूस गोड बोलायचा. त्यांनी एक घड्याळ काढून काचेवर ठेवलं.

"हे चालतं का?" सुपडूनं विचारलं.

"चालतं म्हणजे काय! एक नंबर चालतं."

सुपडू स्टुलावर बसला आणि घड्याळाकडे बघत राहिला. तास गेला. गिऱ्हाइकं आली, गेली. युसुफभाई घरी जाऊन जेवून आले. सुपडू बसलेलाच.

"भाऊ, काय ठरलं?"

"शेठ, तुम्ही जेवून आलात. हे अजून जागचं हललं नाही. कोरड्या काचेवर चालत नाही, ते चिखलात काय चालणार?"

युसुफभाईंनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, घड्याळ नाही चालत. आतले काटे चालतात."

"काटे?" सुपडू उठलाच. "काटे घालून देता होय मनगटात?"

तो रिकाम्या हातानं परत आला. देवकानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, घड्याळ खाली ठेवून नसतं बघायचं. कानाला लावायचं. टिकटिक ऐकू आली, की समजायचं चालू आहे."

"असं होय! मग आधी नाही का सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी सुपडू पुन्हा दुकानात हजर. युसुफभाईंनी रात्रभर विचार केला असावा. त्यांनी काट्यांची भानगडच नसलेलं, नुसते आकडे दाखवणारं घड्याळ पुढं केलं. म्हणाले, "तुझ्यासाठी हेच बरं. पाणी शिरत नाही. किंमतही बेताची."

सुपडूनं ते कानाला लावलं. या कानाला लावलं, त्या कानाला लावलं. मग डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कधी गेलं?"

"कोण गेलं?"

"हे. काही आवाज नाही, शेठ. थंडच पडलंय."

"अरे, हे टिकटिक करतच नाही!"

"तेच म्हणतोय मी," सुपडू म्हणाला.

मग त्यानं स्वतःच फळीवरची घड्याळं एकेक करून कानाला लावली. शेवटी एक सापडलं, ते चार हातांवरूनही ऐकू येत होतं. टेबलावर ठेवायचं गजराचं घड्याळ. नारळाएवढं, डोक्यावर दोन घंटा, खाली तीन पाय. सुपडूला त्याचे पाय फारच आवडले. हे चालणार, याची त्याला खात्री पटली. युसुफभाई नको नको म्हणत असताना त्यानं ते गमछ्यानं मनगटावर बांधलं आणि एसटीत बसला.

घाटाच्या चढावर गजर झाला. ड्रायव्हरला वाटलं, कंडक्टरनं घंटी दिली. त्यानं गाडी थांबवली. कंडक्टर म्हणाला, मी नाही दिली. गाडी सुटली. पुन्हा गजर. पुन्हा गाडी थांबली. चौथ्यांदा गाडी थांबली, तेव्हा सुपडूला खाली उतरवूनच पुढं गेली.

तो पाच कोस चालत घरी आला. हात खांद्यापासून लोंबायला लागला होता.

देवकानं गमछा सोडला. "अहो, मनगटाच्या मापाचं बघायचं. पट्टा बांधला की आत एक बोट गेलं पाहिजे. बास. जास्त सैल नको, जास्त घट्ट नको."

"असं होय! मग आधी नाही का सांगायचं?"

तिसऱ्या दिवशी युसुफभाईंनी गजराचं घड्याळ निमूट परत घेतलं. दोन घड्याळं समोर ठेवली. एक काळ्या रबरी पट्ट्याचं. दुसरं सोनेरी, चकचकीत, साखळीच्या पट्ट्याचं.

"काळं घे," ते म्हणाले. "दिसायला साधं आहे, पण राबणाऱ्या माणसाचं आहे. सोनेरी नुसतं मिरवायचं. पाणी लागलं की खेळ खलास. हमी दोघांना सहा महिन्यांची आहे, पण काळ्याला ती लागायची नाही."

सुपडूनं काळं बांधलं. बोट घालून पाहिलं. गेलं नाही. पट्टा एक भोक सैल केला असता तर गेलं असतं, पण भोकाचं देवका काही बोलली नव्हती. त्यानं सोनेरी बांधलं. बोट आत गेलं.

"हेच," सुपडू म्हणाला.

पैसे देऊन तो निघाला. बोट आतच होतं. एक बोट आत पाहिजे, असं सांगितलं होतं. किती वेळ, ते सांगितलं नव्हतं. डाव्या मनगटावर घड्याळ, पट्ट्यात उजव्या हाताचं बोट, असा तो एसटीत बसला. तिकिटाचे पैसे कंडक्टरनं त्याच्या खिशातून काढून घेतले. गावात उतरला, तर त्याचे दोन्ही हात पोटाशी जोडलेले बघून म्हाताऱ्यांनी त्याला उलट रामराम केला. हा पोरगा भलताच नम्र झाला, असं चावडीवर बोलणं झालं.

घरी देवकानं भाकरी वाढली. सुपडू बघत राहिला.

"जेवा की."

"भरव," सुपडू म्हणाला. "जन्मभर पुरलं पाहिजे म्हणालीस. आता जन्मभर भरव."

देवकानं त्याचं बोट धरून जोरात ओढलं. बोट निघालं, पण साखळी तुटली आणि घड्याळ उडून शेजारच्या हंड्यात पडलं. बाहेर काढलं, तेव्हा काचेआड पाणी डुचमळत होतं. काटे गपगार.

देवका भिंतीला टेकून खाली बसली. उद्याचा रविवार गेला की सोमवार होता. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "अहो, घड्याळ असं तोंड बघून नसतं घ्यायचं. पाण्यात बुडवून बघायचं, दगडावर आपटून बघायचं. त्यातून जे वाचेल तेच खरं."

"असं होय! मग आधी नाही का सांगायचं?"

रविवारी सुपडू एका हातात पाण्याची बादली आणि डोक्यावर पाटा घेऊन दुकानात शिरला. त्याला लांबून येताना पाहूनच युसुफभाईंनी फळीवर चादर टाकली होती. हमी दिलेली होती, त्यामुळे नाही म्हणता येईना. त्यांनी सोनेरी परत घेतलं आणि काळ्या पट्ट्याचं घड्याळ, पट्टा सैल करून, स्वतःच्या हातानं बादलीत टाकलं.

"बघ. हवं तेवढं बघ. पण फक्त हेच."

सुपडूनं ते बुडवलं. चालू. पाट्यावर आपटलं. चालू. पुन्हा बुडवलं, पुन्हा आपटलं. पाट्याचा टवका उडाला. घड्याळ चालूच.

"हे टिकाऊ आहे," सुपडू म्हणाला.

"मी कालपासून तेच सांगतोय," युसुफभाई म्हणाले आणि त्याला एसटीपर्यंत पोचवून आले. तो बसला, गाडी सुटली, दिसेनाशी झाली, तोवर ते तिथेच उभे होते.

सोमवारी ठीक सहाला गावात पाणी आलं. ठीक आठला गेलं. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. बाया म्हणाल्या, सुपडू सुधारला. देवकानं गोड शिरा केला. सुपडू टाकीखाली हात पुढं काढून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता वेळ सांगायचा. त्याला वाटायचं, आता आपल्याला सगळं कळतं.

गुरुवारी सकाळी अण्णा टाकीवर आले. दुपारी त्यांच्या लेकीचा साखरपुडा होता, म्हणून खुशीत होते. त्यांच्या मनगटावर सासऱ्यानं लग्नात दिलेलं पातळ सोन्याचं घड्याळ होतं. त्यांनी सुपडूचं घड्याळ बघितलं.

"झकास! पण पाच मिनिटं पुढं आहे रे. हे माझं धर. मी तोंड धुतो, तोवर दोन्ही ताडून बघ आणि खरं कुठलं ते ठरव."

अण्णा नळाखाली वाकले. सुपडूनं विचार केला. खरं कुठलं, ते कसं ठरवायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं अण्णांचं घड्याळ टाकीच्या हौदात बुडवलं. मग धुण्याच्या दगडावर आपटलं. एकदाच आपटावं लागलं.

अण्णा तोंड पुसत वळले.

"अण्णा," सुपडू काळजीनं म्हणाला, "हे घेऊ नका."

"घेऊ नको? तीस वर्षं घालतोय मी ते!"

"अरेरे! म्हणजे तीस वर्षं फसवलं तुम्हाला."

अण्णांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यांनी दगडावरचे तुकडे रुमालात गोळा केले. दुपारी व्याही येणार, मनगट मोकळं कसं ठेवायचं? त्यांनी सुपडूच्या हातातलं काळं घड्याळ ओढून काढलं, स्वतःच्या मनगटावर बांधलं आणि निघून गेले.

सुपडू घरी गेला. "देवका, आपलं घड्याळ अण्णांकडे गेलं. मागून आणू?"

देवकानं सगळं ऐकलं. नोकरी वाचली हेच तिला पुष्कळ होतं. "मागायचं नावसुद्धा काढू नका," ती म्हणाली. "आता त्या घड्याळावर पाणी सोडा आणि गप बसा."

सुपडूला बरं वाटलं. आजवर तिनं चालायचं सांगितलं, कानाला लावायचं सांगितलं, बोटाचं सांगितलं. त्यात त्याची थोडी गडबड झाली होती. पण पाणी सोडणं हे तर त्याचं रोजचं काम होतं. त्यात चूक होणं शक्यच नव्हतं.

दुपारी अण्णांच्या अंगणात मांडव भरला होता. पाहुणे गाद्यांवर बसले होते. भटजी मंत्र म्हणत होते. अण्णा भरजरी फेटा बांधून व्याह्यांच्या शेजारी बसले होते आणि काळं घड्याळ बाहीखाली लपवत होते. व्याह्यांचं लक्ष गेलंच. ते म्हणाले, "वा, साधं आणि मजबूत! मांडवातही शोभतंय." अण्णांना जरा हायसं वाटलं. त्यांनी बाही वर केली.

तेवढ्यात सुपडू आला. खांद्यावर शाळेची झाडं शिंपायचा जाडजूड पाइप होता. पाइपाचं दुसरं टोक टाकीच्या मोठ्या नळाला जोडलेलं होतं. तो गादीसमोर उभा राहिला. अण्णांच्या मनगटावर नीट नेम धरला. तिकडे टाकीवर त्याचा व्हॉल्व्ह आधीच पुरा उघडलेला होता. इकडे त्यानं फक्त पाइपाची घडी सोडली.

पहिल्या झोतात फेटा गेला. दुसऱ्यात भटजी. साखरेचा पुडा व्याह्यांच्या मांडीवर विरघळला. बासुंदीचं पातेलं वाहत वाहत रस्त्याला लागलं. लोक खांब धरून उभे राहिले. अण्णा हात हलवतील तिकडे सुपडू पाइप वळवायचा, कारण घड्याळ तिकडे जायचं. मागे बसलेली देवका मांडवाच्या त्या टोकाहून ओरडत होती, पण पाण्याच्या आवाजात सुपडूला वाटलं, ती शाबासकी देतेय. त्यानं तिच्याकडे बघून मान डोलावली.

टाकी रिकामी होईपर्यंत पाणी चाललं. मग पाइप गुरगुरला आणि थांबला.

अण्णा गादीसकट तुळशीवृंदावनापाशी जाऊन बसले होते. तोंडातलं पाणी थुंकून त्यांनी विचारलं, "हे काय केलंस?"

"घड्याळावर पाणी सोडलं, अण्णा. देवका म्हणाली."

अण्णा उभे राहिले. सगळा मांडव दणाणेल अशा आवाजात ओरडले, "आता नोकरीवरही पाणी सोड!"

सुपडूनं पाइपाच्या तोंडात डोकावून पाहिलं. पाइप झटकला. दोन थेंब पडले.

"आज नाही जमायचं, अण्णा," तो म्हणाला. "टाकी संपली. उद्या भरली की पहिलं पाणी तिच्यावरच सोडतो. तेवढी नोकरी कुठं ठेवलीय, ते सांगून ठेवा."