गोंदजीचे उघडे जोते

करंजवे बंदरात तेलीआळीच्या वरच्या टोकाला जांभ्या चिऱ्यांचे एक जोते आहे. त्यावर ना भिंत, ना छप्पर. पावसाळ्यात पाणी साठते, तरी आळीतले कोणी त्यावर साधी झावळीही टाकत नाही. गावचे म्हातारे गुरव पाहुण्यांना तिथे उभे करून हकीकत सांगतात.

ते जोते गोंदजी तेल्याच्या घराचे. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर फिरंग्यांची जहाजे बंदरासमोर येऊन उभी राहिली. किल्ला हाती येईना, म्हणून त्यांनी तोफा बाजाराकडे वळवल्या, असे सांगतात. पहिल्या दिवशी मासळीबाजार उडाला, दुसऱ्या दिवशी कापडाची दुकाने. त्या संध्याकाळी शेजारचा सुभाना कासार गोंदजीकडे आला नि म्हणाला, "तेल खाडीत ओत." कोठीत वर्षभराचे खोबरेल होते. गोंदजीचा हात धजेना. दोन दिवसांत जहाजे जातील, असे म्हणून त्याने सुभानाला परत पाठवले.

तिसऱ्या दिवशी तापवलेला गोळा कोठीवरच पडला. गोंदजीचे घर जळालेच, पण पेटते तेल उतारावरून आळीत वाहत गेले आणि आणखी नऊ घरे जळाली. सुभानाची आई अंथरुणाला खिळलेली. तिला काही बाहेर काढता आले नाही.

जहाजे गेल्यावर गोंदजीने सुभानाचे पाय धरले. सुभानाने त्याला उठवले. मग म्हणाला, "तेल तुझं होतं, गोंदजी. गोळा तुझा नव्हता."

गोंदजीच्या मनाला ते पटले नाही. या नऊ घरांत दिवा लागेपर्यंत माझ्या डोक्यावर छप्पर नको, अशी त्याने ग्रामदेवीपुढे आण घेतली. सकाळी घाणा ओढावा, दुपारपासून लोकांच्या भिंती रचाव्यात. सात वर्षांत नऊही घरे उभी राहिली म्हणे, पण दिवे आठांतच लागले. नवव्या घरची तुळसा साळवीण आगीनंतर पोरांना घेऊन मचव्यातून परगावी गेली होती, ती परतलीच नाही. गोंदजीने बंदरोबंदरी निरोप धाडले. शेवटी लोक त्याच्यासाठी वासे घेऊन आले, सुभानाने हात धरून विनवले. तो नाहीच म्हणाला. पुढच्या आषाढात, भिजल्या घोंगडीखाली, त्याच जोत्यावर तो गेला.

आजही आळीत कुणी नवे घर बांधले, की दिवा लावण्याआधी घरधनी या जोत्यापाशी येतो आणि विचारतो, "गोंदजीबाबा, तुळसा आली का?" उत्तरासाठी थोडा थांबतो, आणि घरी जाऊन दिवा लावतो.