कळ काढ

"कळ गेली, आक्का. आता पुढचं काय?"

हृषी दारातूनच विचारत होता. आत येईपर्यंतही त्याला धीर नव्हता.

येसाक्का ओसरीवर पत्रावळी टाचत बसल्या होत्या. नदीकाठचा त्यांचा मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि कोनाड्यातला दत्त. माझा भाऊ हृषी त्यांना गुरू मानतो. कराडला त्याचे ध्यानाचे वर्ग चालतात, आणि तिथे तो स्वतःच बराचसा गुरू असतो.

गेल्या महिन्यात त्याच्या कंबरेतून डाव्या पायात कळ उतरली. मांडीच्या मागून पोटरीत, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, सायटिका. हृषी तसाच उठून आक्कांकडे आला. काय बोलणं झालं, मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं, की घरी येऊन त्याने शेकायची पिशवी माळ्यावर टाकली, जमिनीवर पद्मासन घातलं आणि ओठ आवळून बसला. रोज बसला. घामाने सदरा भिजायचा, पण हूं की चूं नाही.

आज सकाळी उठला तो हसतच. "गेली!" म्हणाला, आणि मला घेऊन मठाकडे निघाला.

पाऊल जरा फरफटत होतं. बसून बसून अवघडलंय, असं तो म्हणाला, आणि मलाही ते खरं वाटलं.

"गेली म्हणजे?" आक्कांनी मान वर न करताच विचारलं.

"म्हणजे नाहीच. मी तिच्याकडे नुसता बघत बसलो. शेवटी तीच कंटाळली."

"तुझ्यापुढे कोणीही कंटाळेल. आणि चप्पल घालून वर आलास ते?"

"काढली की."

"एक काढलीस. देवाला अर्धाच नमस्कार करायचाय का?"

मला हसू आलं. हृषीने खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल तशीच होती.

तो बघतच राहिला...

"मला वाटलं, काढली."

आक्कांच्या हातातलं पळसाचं पान तिथेच थांबलं.

"बस इथे. पाय इकडे कर."

त्यांनी त्याची चप्पल काढून अंगणात फेकली आणि त्याचं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेतलं. हृषी दचकला. मी तर उठूनच उभी राहिले. गुरूने शिष्याचा पाय मांडीवर घ्यायचा?

"आक्का, हे काय! मला पाप लागेल."

"लागू दे. डोळे मीट."

त्याने मिटले.

"काय करतेय मी?"

"पायावर हात ठेवलाय."

"कुठे?"

"पावलावर... असेल."

"आणि आता?"

"आता काहीच नाही."

आक्कांनी पत्रावळीची काडी उचलून त्याच्या करंगळीजवळ टोचली होती. चांगली आत टोचली होती. रक्ताचा थेंब वर आला.

किंकाळी फुटली, ती माझी.

"ओरडतेस काय? घाबरट!" हृषीने डोळे उघडले. मग माझी नजर कुठे खिळलीय ते बघून त्यानेही खाली पाहिलं.

काडी अजून तिथेच होती.



"जमिनीवर बसलायस, ते कळतंय का खाली?" आक्कांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"गादीवर बसल्यासारखं वाटतंय."

"लघवीला कधी जाऊन आलास?"

माझे कान तापले. दत्तासमोर हे काय विचारणं! हृषी मात्र थोडा ताठ झाला.

"काल संध्याकाळी. त्यानंतर इच्छाच झाली नाही. तेच सांगणार होतो, आक्का. त्यावरही ताबा आलाय."

...

आक्कांना मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. त्या टाचलेल्या पत्रावळी तुडवत ओसरीच्या कडेला गेल्या आणि शेजारच्या घराकडे तोंड करून ओरडल्या, "सुबराव! जीप काढ! मोठ्या दवाखान्यात जायचंय! अरे, जेवत असशील तर ताट तसंच टाक!"

"दवाखाना कशाला?" हृषी म्हणाला. "मला दुखत नाहीये, आक्का!"

"म्हणूनच."

"पण तुम्हीच म्हणाला होतात ना, कळ काढ?"

आक्का गर्रकन वळल्या.

"म्हणून तू काढायला बसलास? दातासारखी?"

"मग?"

"अरे, कळ काढ म्हणजे जरा धीर धर! असलं दुखणं हळूहळू उतरतं, म्हणून म्हटलं. आणि पुढे काय म्हणाले होते मी?"

हृषी आठवू लागला.

"शेक दे म्हणाले. कुशीवर नीज, गुडघ्यांमध्ये उशी घे. वाकून काही उचलू नको. एका जागी बसून राहू नको, सोसेल तेवढं घरातल्या घरात चाल. आणि पाय बधिर पडला, लघवी अडली, तर माझ्याकडे यायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. हे मी कुणाला सांगितलं, या खांबाला?"

"मला ते... पहिलं वाक्य गुरूचं वाटलं," हृषी हळूच म्हणाला. "पुढचं सगळं आईसारखं होतं. ते मी नाही ऐकलं."

आक्कांनी कपाळाला हात लावला नाही, रागावल्याही नाहीत. त्या नुसत्या खाली बसल्या आणि त्याच्या पावलावरचं रक्त पदराने पुसू लागल्या.

एक महिना हे माझ्यासमोर चाललं होतं. शेजारच्या खोलीत. मी रोज त्याच्यापुढे चहा ठेवत होते.

"आक्का, पाय परत येईल ना?" मी विचारलं.

"माहीत नाही."

मला वाटलं होतं, त्या हो म्हणतील. हो म्हणणं त्यांना काय जड होतं?

जीप दारात आली. सुबराव हात न धुताच धावत आला होता. त्याने हृषीला दोन्ही काखांतून उचललं, मी पाय धरले. डावं पाऊल माझ्या हातात लोंबत होतं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. हृषीला मागच्या बाकावर आडवं केलं. आक्का त्याच्या उशाशी चढून बसल्या.

जीप नदीवरचा पूल ओलांडून डांबरी रस्त्याला लागली. हृषी छताकडे बघत होता. त्याने स्वतःच्या मांडीला चिमटा काढून पाहिला. मग पोटरीला हात पोहोचेना, म्हणून मला म्हणाला, "तू काढ." मी काढला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काढ ना!"

"काढला, हृषी."

तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला. लहानपणी अंधारात माझा धरायचा तसा त्याने आक्कांचा हात घट्ट धरला.

"आक्का... आशीर्वाद द्या."

आक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एरवी त्यांच्या तोंडून 'सुखी राहा' लगेच बाहेर पडायचं. आज त्यांना वेळ लागला. जीप खड्ड्यातून उसळली, तरी त्यांचा हात हलला नाही.

"दुखो, बाळा. खूप दुखो."