चांद्याचं फेरमोल

"सूर्य मावळायच्या आत हा बैल शंभर होनांचा करून दाखव. नाहीतर उद्या चामड्याच्या भावाने विकतो," राजे उदयभान येसूला म्हणाले.

चांद्या हा राजांच्या मिठाच्या तांड्यातला म्हातारा बैल. एक शिंग मोडलेलं, चाल लंगडी. पण तो आणि गोठा सांभाळणारी येसू एकाच दाराशी वाढलेले.

झालं होतं असं, की त्या महिन्यात राजांना एक शब्द सापडला होता : फेरमोल. जुनी किंमत धरून बसायचं नाही. वस्तू पुन्हा पाहायची, मोल नव्याने ठरवायचं. शब्द सोन्यासारखा, हो. पण राजांच्या हातात तो एकाच दिशेला चाले, खाली. पालखीचं फेरमोल झालं, आचाऱ्याचं झालं. राणीसाहेबांनी राजांच्या गाण्याचं केलं, तेव्हा मात्र राजे दोन दिवस नीट जेवले नाहीत. आता पाळी गोठ्याची.

"चारा वाढवायचा नाही, शिंगाला रंग नाही, पाठीवर झूल नाही," राजांनी बजावलं.

येसूने विचारलं, "आणि तुमच्या लेखी आज त्याचं मोल काय, महाराज?"

"तुझा मान राखून सांगतो, दोन होन."

"मग बाजाराच्या रीतीने सांगा." तिने कारभाऱ्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून हातावर टाकला. गुरांच्या बाजारात भाव रुमालाखाली बोटांनी होतो, आणि एकदा बोटं दाबली की माघार नाही. राजांना मोठी गंमत वाटली. त्यांनी दोन बोटं दाबली.

"घेतला," येसू म्हणाली. दोन होनांपोटी पायातले चांदीचे वाळे काढून तिने राजांपुढे ठेवले, चांद्याचं दावं सोडलं आणि चालू लागली.

अंगणात मिठाच्या गोण्या लादलेले नव्वद बैल उभे होते. बारा वर्षं ते घाट चढले होते ते चांद्याच्या शेपटीमागून. एकाने मान वर केली, मग दुसऱ्याने, आणि अख्खा तांडा वेशीकडे निघाला.

"अगं ए, माझे बैल!"

"मी माझाच नेतेय, महाराज. तुमचे तुम्ही धरा."

शिपाई शिंगांना लोंबकळले. कारभारी एका शेपटीला धरून शेणातून घसरत गेले. बैल काही थांबेनात. राजे स्वतः धापा टाकत वेशीपर्यंत धावले.

"थांब, येसू. दहा देतो."

"चल रे चांद्या."

"पन्नास!"

येसूने मागे वळूनही पाहिलं नाही.

"बरं बाई, शंभर घे, पण त्याला थांबव!"

येसू थांबली. चांद्या थांबला. मागे नव्वद थांबले. सूर्य अजून हातभर वर होता.

"फसवलंस मला," राजे म्हणाले.

"फसवलं कुठे? मघाशी तुम्ही चांद्याला पुढून पाहिलंत, आता मागून पाहिलंत. पुन्हा पाहिल्याशिवाय फेरमोल व्हायचं कसं, महाराज?"

राजे एका फाटक्या गोणीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. येसूला वाळे परत मिळाले, वर शंभर होन मिळाले, आणि त्या दिवसापासून राज्यात कशाचंही फेरमोल निघालं, की राजे आधी येसूला बोलावणं पाठवत.