येमाजीची पहिली मूठ

फार फार वर्षांपूर्वी, गिरणीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा, कोळथडी गावात येमाजी पाथरवट राहायचा. त्याला एक लेक, भागी, आणि घरात एक काळ्या दगडाचं जातं. बायको होती, पण भागी सहा महिन्यांची असताना ती तापाने गेली. भाऊबंद म्हणाले, दुसरी कर. येमाजी म्हणाला, बघू. ते बघणं त्याच्या जन्मात काही झालं नाही.

मग दळायचं कोणी? येमाजीच बसला जात्यावर. पहाटे भागीला मांडीवर आडवी घ्यायची, एका हाताने खुंटा धरायचा, की घरघर सुरू. पोर त्या घरघरीशिवाय झोपायचीच नाही. दळण सरलं की टाकी-हातोडा घेऊन सात गावं फिरायची, बायकांची गुळगुळीत झालेली जाती टाकी लावून परत खरखरीत करायची. पदरात पडतील ते दाणे, दुसऱ्या दिवशी तेच जात्यात. असं म्हणतात, वाटेने जाता जाता नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, या घरचं जातं बोथट झालंय, आणि त्या घरची सून उपाशीपोटी दळतीय.

पारावरची माणसं हसायची. "येमाजी, कासाराला बोलवू का रे? बांगड्या भरून घे."

"बोलाव की," येमाजी म्हणायचा. "माझ्या भागीलाही हव्यात."

भागी मोठी झाली, लग्न ठरलं. आपल्याकडे लग्नाची हळद पाच सवाष्णी दळतात, पुरुषाने तिथे हात लावायचा नसतो, बिनबायकोच्याने तर नाहीच. पण बापाचं मन. बायका गाण्यात दंग आहेत असं बघून येमाजीने पुढे होऊन हळकुंडांची एक मूठ जात्यात टाकली. कुणी बघितलं, कुणी नाही.

तीन वर्षांत जावई नदीच्या पुरात गेला. भागी तान्ही ठकू कडेवर घेऊन माहेरी आली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण मागे कुजबुज झाली, बिनबायकोच्या हाताची मूठ लागली म्हणे. दगडाचं ऐकणाऱ्या कानांना एवढं काय जड? येमाजीने ऐकलं, आणि खरं मानलं.

पण रडत बसला नाही. केस पांढरे झालेले, गुडघे कुरकुरत होते, तरी पुन्हा पहाट, पुन्हा जातं, या खेपेला मांडीवर नात. भागी म्हणायची, "दादा, मी दळते की." तर म्हणायचा, "तू नीज. मला सवय आहे."

ठकूचं लग्न आलं. वऱ्हाड आदल्या दिवशीच गावात उतरलं. हळद दळायच्या वेळेला येमाजी म्हणाला, "दगड बघून येतो," आणि खाणीकडे निघून गेला. भागी दाराआड बसली. विधवेने तरी कुठे पुढे यायचं?

पाच जणींनी जात्याला आंब्याची पानं बांधली, खुंट्याला हात घातले. जातं हलेना. वरचा दगड उचलून पुसला, पुन्हा ठेवला. हलेना. पाचांच्या दहा जणी झाल्या, हातांना फोड आले, पण जातं जागचं ढळलं नाही. नवऱ्यामुलाचा मामा उठला. "जिथे जातं फिरत नाही तिथे संसार काय फिरायचा? गाड्या जुंपा."

कुणीतरी पळत जाऊन येमाजीला आणलं, पाथरवट म्हणून. त्याने दगडाला कान लावला. बराच वेळ लावला. म्हणाला, "खोट नाही यात," आणि मागे सरला.

"आबा," ठकू म्हणाली, "मूठ घाला."

"नको पोरी. एकदा घातली, ती पुरे झाली."

"इतकी वर्षं तुमच्याच हातचं दळलेलं खाल्लं मी. ते नाही बाधलं, आणि चिमूटभर हळद बाधेल?"

मग वरमायच म्हणाली, "घाला हो आजोबा. या हातांनी वाढवलेली सून नेतोय, मग हात कसे टाकायचे?" मामा गुपचूप खाली बसला.

येमाजीने दाराकडे बघून हाक मारली, "भागी, ये गं. एकट्याने नाही जमायचं." बाप-लेकीने मिळून मूठ घातली, खुंट्याला हात लावला, आणि जातं भोवऱ्यासारखं फिरलं. असं म्हणतात, त्या क्षणी सात गावांतली जाती आपोआप घरघरली. मूठभर हळकुंडांची सुपं भरून हळद निघाली, आणि सात गावांत वाटून उरली.

म्हणून अजूनही कोळथडीत हळदीची पहिली मूठ सवाष्णीची नसते. जिने किंवा ज्याने नवरीला वाढवलं त्याची असते, मग तो बाप असो, आजा असो, विधवा आई असो. मूठ घालताना म्हणायचं, "ही येमाजीची." मग बाकीच्या हात लावतात.

आणि ठकूचं? तिचा नवरा नव्वदीत नातवंडांवर ओरडत होता, इतका सुखाचा संसार झाला. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, तेव्हा घर भरलेलं होतं, दळायला चार बायका होत्या. पण पहाटे सगळ्यांना जाग आली ती घरघरीने. येमाजी जात्यावर बसला होता, आणि मांडीवर पणतू गाढ झोपला होता.