पिवळ्या चिमणीचं ठिगळ

एक होतं निळं दार.
निळ्या दारावर एक तोरण होतं.
दुकानातलं नाही हं. घरी शिवलेलं.
त्यात मोती नव्हते. जर नव्हती. चिमण्या होत्या. चिंध्यांच्या चिमण्या!

चौकोनी चिंधी घ्यायची. तिरकी दुमडायची. पोटात कापूस भरायचा. कडेकडेने टाके घालायचे. दोन काळे मणी लावायचे, ते डोळे. झाली चिमणी!

निळी चिमणी बाबांच्या सदऱ्याची.
हिरवी चिमणी आईच्या लुगड्याची.
लाल चिमणी मालूताईच्या परकराची.
आणि पिवळी चिमणी धाकट्या शालूच्या झबल्याची.
घरात माणसं चार. तोरणात चिमण्या चार.

मग पुष्कळ वर्षं गेली. शालू मोठी झाली. लांब नागपूरला राहायला गेली. घरात आता मालूताई एकटीच होती.
तोरणात मात्र अजून चौघं होती.

आणि आज शालू येणार होती!
शालू आली की एकदम आत येत नाही. उंबऱ्याशी थांबते. मान वर करते. बोट दाखवून चिमण्या मोजते.
“बाबा, आई, ताई, मी.”
चौघं भरली, की मगच पाऊल आत टाकते.

थंडीचे दिवस होते. वारा आला. सूंऽऽ सूंऽऽ!
तोरण हललं. पिवळी चिमणी खिळ्याला अडकली.
टर्रर्र!
पिवळीचं पोट फाटलं. फाटलेला तुकडा वाऱ्याबरोबर उडून गेला.
टप्प!
पिवळी उंबऱ्यावर पडली.

तिने वर पाहिलं. निळी होती, हिरवी होती, लाल होती. शेवटची जागा रिकामी होती.
“अगं बाई!” पिवळी म्हणाली. “आता शालू मोजणार कशी?”

कापडाची चिमणी काही उडत नाही. ती उड्या मारते.
टुप्पुक टुप्पुक, टुप्पुक टुप्पुक.
पिवळी मालूताईकडे गेली. एक पंख पोटावर धरला होता. नाहीतर कापूस सांडला असता.

“मालूताई, मालूताई, पोट शिव.
आणि शालू तर आज येणार!”

मालूताई कणीक मळत होती. हात पिठाने भरले होते.
“शिवते की गं,” मालूताई म्हणाली. “पण भोकाला ठिगळ हवं. आणि ठिगळ त्याच झबल्याचं हवं. या तोरणाला परकं ठिगळ मी लावत नाही. जा, गाठोड्यातून चिंधी आण. तोवर मी हात धुते.”

टुप्पुक टुप्पुक, टुप्पुक टुप्पुक.
पिवळी गाठोड्याकडे गेली. गाठोडं कोपऱ्यात बसलं होतं. गोल गोल, गप्प गप्प.

“गाठोड्या, गाठोड्या, चिंधी दे.
चिंधीवाचून ताई शिवेना.
आणि शालू तर आज येणार!”

“हं,” गाठोडं म्हणालं. “चिंधी आहे. पण माझी गाठ बघितलीस? तुझ्या ताईनेच बांधली आहे. एकीवर एक, अशा तीन! जा, आधी दाभण आण.”

टुप्पुक टुप्पुक, टुप्पुक टुप्पुक.
पिवळी दाभणाकडे गेली. दाभण म्हणजे मोठी, जाड सुई. तो फडताळात होता, अगदी खालच्या फळीवर.

“दाभणा, दाभणा, गाठ सोडव.
गाठोडं चिंधी देईना.
चिंधीवाचून ताई शिवेना.
आणि शालू तर आज येणार!”

“छे छे!” दाभण म्हणाला. “बघ माझं टोक. गंजलंय! असा घुसलो, तर कापडावर डाग पडेल. मग बोलणी मीच खाणार. जा, आधी तेलाला सांग.”

टुप्पुक टुप्पुक, टुप्पुक टुप्पुक.
तेल शेजारीच होतं. खोबरेल तेल, छोट्या वाटीत.

“तेला, तेला, दाभणाला लाग.
दाभण गाठ सोडवेना.
गाठोडं चिंधी देईना.
चिंधीवाचून ताई शिवेना.
आणि शालू तर आज येणार!”

“हुडहुडहुड!” तेल म्हणालं. “मी गोठलंय बघ. पांढरं झालंय, दगड झालंय. थंडीत कुणाला लागणार मी? जा, आधी ऊन आण.”

टुप्पुक टुप्पुक, टुप्पुक टुप्पुक.
पिवळी अंगणात गेली. ऊन गोधडीवर पसरलं होतं.

“उन्हा, उन्हा, आत चल.
तेल पातळ होईना.
दाभण गाठ सोडवेना.
गाठोडं चिंधी देईना.
चिंधीवाचून ताई शिवेना.
आणि शालू तर आज येणार!”

“येईन की,” ऊन म्हणालं. “पण दारातून मला उंबऱ्यापर्यंतच येता येतं. फडताळापर्यंत जायचं, तर वाट खिडकीतून आहे. आणि खिडकी आहे बंद! जा, आधी ती उघड. आणि लवकर हं. थंडीत मला घरी लवकर जायचं असतं.”

टुप्पुक टुप्पुक, टुप्पुक टुप्पुक.
पिवळी खिडकीकडे गेली.

“खिडकीबाई, खिडकीबाई, उघड ना.
ऊन आत येईना.
तेल पातळ होईना.
दाभण गाठ सोडवेना.
गाठोडं चिंधी देईना.
चिंधीवाचून ताई शिवेना.
आणि शालू तर आज येणार!”

“कुर्रर्र,” खिडकी म्हणाली. “पावसाळ्यात मी फुगले, ती अशी अडकून बसले. आतून चांगली धडक हवी. तू मारणार धडक? एवढीशी तू, त्यात कापसाची! जा, मांजरीला सांग.”

टुप्पुक टुप्पुक, टुप्पुक टुप्पुक.
मांजर पाटावर झोपली होती. तिने एक डोळा उघडला. अर्धाच.

“मनीमावशी, मनीमावशी, धडक मार.
खिडकी काही उघडेना.
ऊन आत येईना.
तेल पातळ होईना.
दाभण गाठ सोडवेना.
गाठोडं चिंधी देईना.
चिंधीवाचून ताई शिवेना.
आणि शालू तर आज येणार!”

“म्याँव,” मांजर म्हणाली. “धडक मारायची, ती डोक्याने. आणि डोकं कुणाचं? माझं! मला काय देशील?”
“माझ्याकडे काही नाही,” पिवळी म्हणाली.
“नाही कसं? मागे बघ.”

पिवळीने मागे पाहिलं. तिच्या शेपटीला लोकरीचा गोंडा होता. लालचुटुक, गुबगुबीत. शालूने लहानपणी स्वतः केलेला. दोन बोटांवर लोकर गुंडाळून गुंडाळून केलेला.

पिवळीने गोंड्यावरून पंख फिरवला.
तिने दाराकडे पाहिलं. रिकाम्या जागेकडे पाहिलं.
मग गोंडा ओढला. टुक्!
“घे,” ती म्हणाली.
शेपटी हलकी झाली. पिवळीला वाईट वाटलं. थोडंसंच. पण वाटलं.

मांजर उठली. पाठ ताणली. शेपूट उभारली. आणि
धाड्!
मांजरीने धडक मारली.
खिडकी उघडली. कुर्रर्र फट्!
ऊन आत आलं. सरसर सरसर थेट फडताळापर्यंत.
तेल पातळ झालं. डुबुक डुबुक.
पिवळीने वाटी कलती केली. दाभणाला तेल लागलं. टिप् टिप्.
दाभण चकाकला. गाठीत शिरला. सुळकन्!
एक गाठ सुटली. दोन गाठी सुटल्या. तिसरी गाठ सुटली.
आणि गाठोडं उघडलं.

घरभर वास सुटला. वाळलेल्या कडुलिंबाच्या पानांचा. जुन्या, धुतलेल्या कपड्यांचा.
मालूताई हात पुसत आली. गाठोड्याजवळ बसली.
तिने निळा तुकडा उचलला. “हा बाबांचा सदरा. खिशात नेहमी बडीशेप असायची.”
तिने हिरवा तुकडा उचलला. “हे आईचं लुगडं. याच्या पदराने ती आमची तोंडं पुसायची. खसाखसा!”
तिने लाल तुकडा उचलला. “हा माझा परकर. गिरकी घेतली की फुगायचा.”
मग तिने पिवळा तुकडा उचलला. केवढासा होता! तो तिने गालाला लावला. आणि तशीच बसून राहिली.

“मालूताई,” पिवळी हळूच म्हणाली, “शालू तर आज येणार.”
“हो गं, हो!” मालूताई म्हणाली. “आण ते पोट इकडे.”

सुईत दोरा गेला. सुर्रर्र.
कापूस आत गेला. फुस् फुस्.
ठिगळ बसलं. एक टाका, दोन टाके, तीन टाके... दहा टाके!
मालूताई पाटावर चढली. पिवळी तोरणात बसली.
“गोंडा कुठे गं तुझा?” मालूताईने विचारलं.
पिवळीने खाली पाहिलं. पाटामागे कुणीतरी लोकरीशी खेळत होतं. खुडबुड, खुडबुड.

तेवढ्यात फाटक वाजलं. किर्रर्र!
शालू आली. हातात पिशवी, केसांत चार पांढरे केस.
उंबऱ्याशी थांबली. मान वर केली. बोट दाखवलं.
“बाबा. आई. ताई. मी.”
चौघं भरली.
पण शालूने पाऊल आत टाकलं नाही. ती अजून वरच बघत होती.

“ताई, हे काय गं? मी एवढी फिकट, आणि माझं पोट तेवढं पिवळंधमक?”
“तुझा रंगच तो,” मालूताई म्हणाली. “ठिगळ गाठोड्यात होतं, म्हणून तसंच राहिलं. बाकीची तू उन्हात विटलीस.”
“विटले? मी?”
“मग! आरशात बघ.”
“आधी स्वतः बघ, म्हातारे!”

दोघी हसल्या. खो खो खो! हसता हसता शालूने टाचा उंचावल्या. पिवळीच्या पोटावरून बोट फिरवलं. अगदी हळू.
“मी एवढी पिवळी होते?” तिने विचारलं.
“एवढी,” मालूताई म्हणाली. “पाऊल टाकायलाही शिकली नव्हतीस. याच उंबऱ्यावर बसायचीस, आणि हात वर करायचीस. घ्या, घ्या, म्हणून.”

शालूने पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात वर केले.
आणि मालूताईने तिला कुशीत घेतलं.

वर तोरण हललं. सळसळ सळसळ.

शेवटचा टाका घातला,
दोरा दातांनी तोडला,
गोष्ट झाली पुरी!