मोकळवाडीचं गाऱ्हाणं

"हिला तुम्हीच सांगा, बाबा. माझं ऐकत नाय ती. हवं तर हुकूम करा!"

दत्ताराम पाष्टे तावातावाने बोलत होता. त्याच्यासमोर चेतनगीर गोसावी मठीच्या ओट्यावर कोकमाचे रातांबे फोडत बसला होता. साल एका परातीत, बी दुसरीत. त्याचे हात मनगटापर्यंत लालभडक झाले होते.

"कशाचा हुकूम?" गोसाव्याने विचारलं.

"नारळावर हात ठेवून शपथ घ्यायची. सगळ्यांनी घेतली. ही काकी एकटीच अडून बसलीय."

"शपथ काय आहे?"

"आमच्या मोकळवाडीत कुणाचा कुणावर हुकूम चालणार नाय."

गोसाव्याने आणखी एक रातांबा फोडला.

"बरं..." तो म्हणाला. "आणि हे मी तिला हुकूम करून सांगायचं."

"व्हय."

दत्तारामाला त्यात काही वावगं वाटलं नाही. रागावलेल्या माणसाला आपलं बोलणं ऐकू येत नसतं.

पण तो राग उगीच नव्हता, हेही सांगितलंच पाहिजे.

दत्ताराम खाणीत चिरे काढणारा गडी. गाव खाली खाडीकाठाला, आणि गावात राज्य गावकीचं. गावकी म्हणजे कोण, तर देवळाच्या मंडपात पाट टाकून बसणारी पाचसात डोकी. कुणाच्या दारी पालखी थांबेल, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, कुणाशी बोलायचं, सगळं त्यांनी ठरवायचं आणि गावाने मान तुकवायची. महादू शिगवणाच्या लेकीने आपल्या मनाने नवरा केला, म्हणून त्यांनी महादूला वाळीत टाकलं. लेक नांदतेय सुखाने, आणि शिक्षा बापाला!

तेव्हा भर बैठकीत दत्ताराम उठला आणि म्हणाला, "का?"

एवढंच म्हणाला. पण त्या मंडपात तो प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

मग काय, देवापुढे गाऱ्हाणं घातलं गेलं. गाऱ्हाण्यात एक जण हात जोडून देवाकडे एकेक मागणं मांडतो आणि जमलेला गाव प्रत्येक मागण्याला "व्हय महाराजा" म्हणून साथ देतो. त्या दिवशी गावकीच्या म्होरक्याने शेवटी मागितलं, "जो कुणी गावाला 'नाय' म्हणेल, त्याची चूल विझू दे, महाराजा!"

आणि गाव म्हणालं, "व्हय महाराजा!"

दत्ताराम मंडपाबाहेर उभा राहून ऐकत होता. त्या आवाजात त्याच्याबरोबर खाणीत घाम गाळणाऱ्यांचे आवाज होते. त्याला ते एकेक ओळखू आले. आता तोही वाळीत पडला होता.

त्याच पावसाळ्यात त्याची आई गेली. अहो, मेलेल्या म्हातारीशी कसलं वैर? पण वाळीत पडलेलं महादूचं घर सोडलं, तर एक माणूस दारात आला नाही. तिरडी बांधून झाली तरी खांदे जमेनात. ज्यांना त्या माउलीने आपल्या हाताने भाकऱ्या वाढल्या होत्या, ते दारं लावून आत बसले होते. आग लागो असल्या गावपणाला!

त्या दिवसापासून दत्तारामाने मोकळवाडीचा ध्यास घेतला. गावाच्या वरच्या अंगाला उघडा सडा, सपाट कातळाचा माळ, होता. तिथे आपली वेगळी वाडी वसवायची. तिथे म्होरक्या नको, मंडप नको, पाट नको. ज्याने त्याने आपल्या मनाने जगायचं. गावकीने चिरडलेली घरं एकेक करून त्याच्यामागे आली. महादू तर सावलीसारखा चिकटला.

अडलं होतं पाण्याशी. सड्यावर टिपूस नाही. बारमाही झरा एकच, तोही सड्याच्या वर, चेतनगीराच्या मठीमागे. तिथून पाण्याचा पाट काढला तर वाडी जगणार. गोसाव्याने एकच अट घातली होती.

"वाडीतलं एकूण एक माणूस घेऊन ये. मग पाण्याचं बोलू."

म्हणून आज सगळे आले होते, आणि शपथ घेतल्याशिवाय कुणी वाडीचं माणूस नाही, असं दत्तारामाने ठरवलं होतं. वैशाख सरत आला होता. पावसाआधी डोक्यावर छप्पर पडलं नाही, तर याच माणसांना खाली जाऊन गावकीच्या पायरीवर नाक घासावं लागणार होतं. आणि हे सगळं अडलं होतं कुणामुळे? तर भागीरथीकाकीमुळे!

भागीरथी म्हणजे दत्तारामाची चुलती. विधवा, एकटी, फाटक्या तोंडाची. गावात तिचं भांडण झालं नाही असं घर नव्हतं. दत्तारामाच्या आईशी तर तिचा जन्माचा उभा दावा. ती आताही सगळ्यांपासून लांब, फणसाखाली एका धोंड्यावर बसली होती आणि बोटाने मशेरी लावत होती.

"काय गं भागीरथी," गोसाव्याने हाक मारली, "तुझं म्हणणं काय?"

"माझं दार मला खाडीकडे हवं."

"बघा!" दत्ताराम उसळला. "ऐका, ऐका जरा! सगळ्यांची दारं मधल्या अंगणाकडे. मी चिरे मांडून आखणी केलीय. एकमेकांच्या हाकेला ओ द्यावी, अडीअडचणीला धावावं, म्हणून. आणि हिला सगळ्यांकडे पाठ करून बसायचंय!"

"खाडीकडेच का?" गोसाव्याने विचारलं.

"मला हवं म्हणून."

"काकी, काही कारण तरी सांग!"

"कारण सांगायचं असतं तर खालचंच गाव काय वाईट होतं?" भागीरथी पचकन थुंकली. "म्हणे कुणाचा हुकूम नाय. आणि माझं दार कुठे, ते मला न विचारता आखून मोकळा."

"ते सगळ्यांच्या भल्यासाठी आहे!"

"गावकीही तेच म्हणायची."

कुणी थोबाडीत मारली असती तर दत्तारामाला एवढं लागलं नसतं.

"मला गावकी म्हणतेस? मला?" त्याचा आवाज चिरकला. "रक्ताचं पाणी केलं मी या वाडीसाठी! कुणासाठी केलं? तुझ्यासारख्यांसाठीच ना? ऐका रे सगळे. गळ्यात धोंडा बांधून मी फिरणार नाय. हिला पटत नसेल तर हिने खालीच राहावं. वाडीत हिला जागा नाय!"

महादूने मान खाली घातली, मग हळूच हलवली. होकारार्थी.

भागीरथी मशेरी लावत राहिली.

गोसावी उठला. कळशीतल्या पाण्याने त्याने हात धुतले. लाल रंग काही जाईना. त्याने ते तसेच धोतराला पुसले.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पाण्याचं काम आहे. आधी देवाला सांगू. गाऱ्हाणं घालू."

सगळ्यांचे चेहरे उजळले. गाऱ्हाणं म्हणजे होकारच की! बायामाणसं पदर सावरून उभी राहिली. दत्ताराम सगळ्यांच्या पुढे हात जोडून उभा राहिला. त्याचा श्वास अजून जोरात चालला होता.

गोसाव्याने झऱ्याकडे तोंड केलं.

"बा डोंगरच्या देवा महाराजा..."

"व्हय महाराजा!"

"ही तुझी लेकरं घरदार सोडून तुझ्या पायाशी आलीत, महाराजा..."

"व्हय महाराजा!"

"त्यांना छप्पर दे, पाणी दे, पोटाला दे, महाराजा..."

"व्हय महाराजा!"

"त्यांच्या वाडीवर कुठल्या गावकीची सावली पडू देऊ नको, महाराजा..."

"व्हय महाराजा!"

या वेळी आवाज असा उठला की फणसावरचे कावळे उडाले. दत्तारामाचे डोळे भरून आले. आई असती तर, असं त्याच्या मनात आलं. पोराने काय उभं केलंय, ते तिने पाहिलं असतं.

"या सगळ्यांची तोंडं एकीकडे ठेव, महाराजा..."

"व्हय महाराजा!"

"दत्ताराम म्हणेल ती पूर्वदिशा होऊ दे, महाराजा..."

"व्हय महाराजा!"

"आणि जो कुणी वाडीला 'नाय' म्हणेल, त्याची चूल विझू दे, महाराजा..."

"व्हय महाराजा!"

"नाय!"

आवाज फणसाखालून आला. भागीरथी उठून उभी राहिली होती.

दत्ताराम गर्रकन वळला.

"काकी! अगं देवाच्या गाऱ्हाण्यात तरी! आजच्या दिवशी तरी तुझ्या तोंडून एक होकार..."

"दत्ताराम," गोसावी म्हणाला. "शेवटचं मागणं काय मागितलं मी?"

"शेवटचं? ते... वाडीला..."

दत्तारामाचं तोंड उघडंच राहिलं.

महादूचा चेहरा पांढराफटक पडला. हे मागणं त्याने आधी कुठे ऐकलं होतं, ते त्यालाही आठवलं. सगळ्यांनाच आठवलं असावं, कारण कुणी कुणाकडे बघेना.

सगळ्यांत मोठ्याने "व्हय महाराजा" कोण म्हणालं होतं, हे मात्र फक्त दत्तारामाला ठाऊक होतं. त्याच्याच घशात ते अजून खरवडत होतं.

मग तो भडकला. चूक पदरात पडली की माणूस आधी भडकतोच.

"फसवलंत तुम्ही, बाबा! हा काय न्याय झाला? गाऱ्हाण्यात कुणी शब्द न् शब्द ऐकतो का? लहानपणापासून जिभेला वळण पडलंय. मागणं संपलं की व्हय म्हणायचं. मनातून नव्हतं म्हटलं आम्ही!"

"खरं आहे," गोसावी म्हणाला. "मनातून नव्हतं म्हटलं..."

तो परत ओट्यावर बसला. परात पुढे ओढली.

"खाली देवळात तुझ्या मित्रांनी तरी मनातून म्हटलं होतं का रे?"

इतके दिवस त्या आवाजांवर दत्तारामाने राग पोसला होता, पोटच्या पोरासारखा. त्या रागावरच तर सगळी वाडी उभी राहणार होती. आता तो राग कुणावर काढायचा, तेच त्याला कळेना.

"तुझ्या आईच्या तिरडीला चार खांदे लागले," गोसावी म्हणाला. "एक तुझा."

"व्हय."

"दुसरा?"

"महादूचा. तिसरा त्याच्या जावयाचा."

"आणि चौथा?"

दत्तारामाने फणसाकडे पाहिलं.

तो दिवस त्याला लख्ख दिसला. भर पाऊस, अंगणात तिरडी, आणि तीनच माणसं. तेवढ्यात मागच्या दाराने भागीरथी आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. बाईमाणसाने खांदा देऊ नये, असं महादू पुटपुटला होता. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. पदर खोचला आणि वाकून बांबू खांद्यावर घेतला. जिच्याशी जन्मभर बोलली नाही, तिला घेऊन ती चिखलातून मसणवटीपर्यंत चालत गेली. परतताना एक शब्द बोलली नाही. गावकीने दुसऱ्या दिवशी तिलाही वाळीत टाकलं.

आणि मघाशी काय म्हणाला होता तो? वाडीत हिला जागा नाय.

"काकी..." दत्ताराम म्हणाला.

"काय काकी काकी लावलंयस!" भागीरथी खेकसली. "भांडण होतं माझं तिच्याशी. म्हणून काय तिला पावसात भिजत ठेवू देणार होते? मला नाय पटलं. बस."

तिने पदराने तोंड पुसलं. मशेरी पुसली की आणखी काही, ते सांगता येणार नाही.

दत्तारामाच्या पायाशी तो शपथेचा नारळ पडला होता. त्याने तो उचलला, जरा वेळ हातात धरला. मग गोसाव्याच्या ओट्यावर, सालींच्या परातीशेजारी, नेऊन ठेवला. परत न्यायचा म्हणून ठेवला असं वाटलं नाही.

खाली खाडीवर वारा सुटला होता आणि पश्चिमेला ढग दिसू लागले होते. शेवटी महादूनेच धीर केला.

"बाबा... आणि पाण्याचं?"

गोसाव्याने एक रातांबा उचलला. अंगठ्याने दाबला. लाल रस बोटांवरून ओघळला.

"पाट उद्याच खणायला घ्या," तो म्हणाला. "आधी भागीरथीच्या दारावरून न्या. दार कुठे हवं, ते तिला विचारा."